सह्याद्रीतील निसर्गदृश्यांसाठी लेन्स: वाइड अँगल की स्टँडर्ड?

सोनकी (धागाकर्ती)

नमस्कार. सह्याद्रीतील निसर्गदृश्ये टिपण्यासाठी वाइड अँगल (रुंद दृश्य चौकटीत घेणारी) लेन्स घ्यावी की स्टँडर्ड लेन्सवरच हात बसवावा, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे. माझ्याकडे क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. या वर्षी एकच लेन्स घेता येईल. एका बाजूला १०-२० मिमीची वाइड झूम आहे आणि दुसऱ्या बाजूला ३५ मिमीची प्राइम (झूम नसलेली लेन्स), जी क्रॉप सेन्सरवर साधारण ५० मिमीचे काम करते.

लँडस्केप म्हटले की वाइड, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला मात्र राजगडावर वेगळेच जाणवले. संजीवनी माचीवरून तोरण्याकडे पाहताना जो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो, तो १८ मिमीवर काढलेल्या चित्रात क्षितिजावरचा एक उंचवटा होऊन राहतो. १० मिमीवर तर तो शोधावाच लागेल, अशी शंका येते. उलट कासच्या पठारावर पायाजवळची फुले आणि वरचे ढग एका चौकटीत घेताना १८ मिमीसुद्धा अपुरे पडते. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस कास, राजगड आणि जमल्यास रायलिंग पठार असा बेत आहे. ‘दोन्ही घ्या’ असे कृपया कोणी सुचवू नये.

कातळमाथा

सोनकीताई, तुमची शंका रास्त आहे आणि ती आकड्यांत मांडता येते. सोयीसाठी फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, भाषेत बोलतो. १६ मिमीच्या लेन्सचा आडवा दृश्यकोन सुमारे ९७ अंश असतो, २४ मिमीचा ७४ अंश आणि ५० मिमीचा ४० अंश. दूरच्या वस्तूची सेन्सरवरची उंची फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिमीच्या आकड्याच्या) सरळ प्रमाणात वाढते. पाच किलोमीटरवर चारशे मीटर उंचीचा कडा उभा आहे असे धरा. १६ मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच पडते आणि सेन्सर २४ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे चौकटीचा एकोणिसावा भाग. तोच कडा ५० मिमीवर चार मिलिमीटर उंच येतो आणि चौकटीचा सहावा भाग व्यापतो. डोळा डोंगरावर खिळला की मन बाकीचे सारे वगळून टाकते. लेन्सला तसे वगळता येत नाही.

घाटमाथ्याच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाचते, कारण आपल्याकडील मोठी दृश्ये बहुतेक वेळा पलीकडची असतात. पायाखालची जमीन कड्याशी संपते, मध्ये दरीची पोकळी असते आणि मग समोरची रांग सुरू होते. वाइड लेन्समध्ये ही पोकळी चौकटीचा मोठा भाग खाते, आणि त्या भागात पावसाळी दुपारच्या पांढुरक्या धुरकटपणाखेरीज काहीही नसते. म्हणून माझ्या पिशवीतून डोंगरावर सर्वांत आधी ५० मिमी बाहेर निघते. एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा हव्या असतील, तर मी त्याहूनही लांब लेन्स लावतो.

धुकेरी

कातळमाथा यांचे आकडे बिनचूक आहेत. निष्कर्ष मात्र मला एकांगी वाटतो. वाइड लेन्स चौकटीत ‘जास्त मावावे’ म्हणून वापरली, तर ती निराशच करते. ती जवळची वस्तू मोठी करण्यासाठी असते. पाऊस उघडल्यावर कातळाच्या सड्यावर वीतभर रुंदीची डबकी साचलेली असतात. त्यांच्या काठाला शेवाळाची हिरवी कड असते, कधी ‘सीतेची आसवे’ या जांभळ्या रानफुलांचा झुबका असतो. कॅमेरा अशा डबक्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्याच्याही खाली आणा. १० मिमीवर तेच डबके चौकटीच्या खालच्या भागात ठळक होते, त्यात ढगाचे प्रतिबिंब दिसते आणि वरच्या भागात तोच ढग पुन्हा भेटतो. हे चित्र स्टँडर्ड लेन्सने काढायचे झाल्यास मागे सरकावे लागेल, आणि मागे सरकताच डबके पुन्हा वीतभर होईल.

दुसरी बाब जागेची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे. काठावर उभे राहून ५० मिमीने टिपले, तर भिंतीचा एक तुकडा मिळतो. ती भिंत डावीकडून उजवीकडे कशी वळत गेली आहे, हे दाखवायला वाइडच लागते, कारण तेथे मागे सरकून उपयोग नाही आणि पुढे तर सरकायचेच नाही. सांदण दरीतही हीच गोष्ट आहे. दोन भिंतींच्या फटीत उभे राहून वरची आकाशाची चिंचोळी पट्टी आणि पायाखालचे धोंडे एकत्र घ्यायचे, तर तेथे स्टँडर्ड लेन्स हात टेकते.

करवंद

वाइड लेन्सने पर्स्पेक्टिव्ह (जवळच्या-दूरच्या वस्तूंचे परस्पर प्रमाण) बिघडतो आणि स्टँडर्ड लेन्सचा पर्स्पेक्टिव्ह डोळ्यासारखा असतो, म्हणून निसर्गदृश्यांना स्टँडर्डच योग्य, असे मी वाचले आहे. ते बरोबर आहे का?

अंशकोन

करवंद, हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वस्तूंच्या आकारांचे परस्पर प्रमाण आपण कोठे उभे आहोत यावर ठरते, लेन्सवर नाही. एकाच जागी ट्रायपॉड ठेवून १६ मिमी आणि ५० मिमी अशा दोन लेन्सनी चित्रे घ्या. पहिल्या चित्राचा मधला भाग ५० मिमीच्या चौकटीएवढा कापून मोठा केला, तर पुढचे झाड आणि मागचा डोंगर यांचे प्रमाण दोन्ही चित्रांत तंतोतंत सारखे दिसेल. फरक पडेल तो तपशिलात. असे कापल्यावर मूळ चित्राचा सुमारे दहावा भाग उरतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जेमतेम अडीच मेगापिक्सेल हाती लागतात.

तरीही पर्स्पेक्टिव्ह बदलल्यासारखा वाटतो, कारण वाइड लावली की माणूस आपोआप पुढे सरकतो. खरा बदल त्या सरकण्याने होतो. कडेला ताणल्यासारखे दिसणारे धोंडे हा मात्र लेन्सचाच परिणाम आहे. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या अतिवाइड लेन्समध्ये कोपऱ्याकडच्या वस्तू केंद्रापासून बाहेरच्या दिशेने ओढल्या जातात. कड्याच्या बाबतीत ते खपून जाते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मित्राच्या बाबतीत खपत नाही.

सोनकीताईंच्या यादीतील रायलिंग पठारावर हे सर्व एका जागी पाहायला मिळते. पठाराच्या काठावर गेले की लिंगाण्याचा सुळका समोर उभा ठाकतो आणि त्याच्या मागे रायगड पसरलेला असतो. काठावरून १० मिमीने सुळका मुळापासून शेंड्यापर्यंत मिळतो, पण रायगड मागची एक बारीक पट्टी होतो. तेथेच उभे राहून ३५ मिमी लावली, तर दोघेही सारख्याच पटीने मोठे होतील. सुळक्यापुढे रायगड लहान तो लहानच राहील. रायगडाला वजन द्यायचे असेल, तर काठ सोडून पठारावर बरेच मागे यावे आणि मग ३५ किंवा ५५ मिमी लावावी. मागे आल्यावर लिंगाणा लहान होत जातो, तर दूरचा रायगड जवळपास तेवढाच राहतो, आणि लांब लेन्सने दोघेही मिळून चौकट भरतात. या खेळात पठाराची कड सुळक्याचा पायथा झाकते. तो हवा असेल, तर पुन्हा काठावर जाणे आले.

कातळमाथा

अंशकोन यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझे म्हणणे नेमके करतो. कॅमेऱ्यापासून दोन मीटरच्या आत चित्रात यावे असे काही आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर वाइड, नसेल तर स्टँडर्ड किंवा त्याहून लांब. कोकणकडा आणि सांदण दरी हे धुकेरी यांनी सांगितलेले अपवाद मान्य आहेत. मात्र ‘आकाश छान आहे म्हणून वाइड’ हे कारण मला पटत नाही. जमिनीवर काही नसताना वर छान आकाश असेल, तर ते चित्र ढगांचे होते, डोंगराचे नाही.

सोनकी

सर्वांचे आभार. फोकसबद्दल एक प्रश्न आहे. हातभर अंतरावरचे डबके आणि मैलभर लांबचा डोंगर हे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट कसे येतात? किट लेन्सने असा प्रयत्न केला की दोहोंपैकी एकच रेखीव येते. अशा वेळी एफ/२२ (लेन्सचे फार लहान छिद्र) लावावे का?

अंशकोन

एफ/२२ शक्यतो टाळावे. छिद्र फार लहान केले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच किंचित मऊ पडते, आणि क्रॉप सेन्सरवर हा परिणाम एफ/११ च्या पुढे जाणवू लागतो. त्यापेक्षा हायपरफोकल अंतर वापरावे. या अंतरावर फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते.

तुमच्या कॅमेऱ्यावर १० मिमी आणि एफ/८ असताना हे अंतर साधारण ६५ सेंटिमीटर भरते, म्हणजे एक फुटाच्या थोडे पुढून सर्व काही रेखीव मिळते. ३५ मिमीवर एफ/११ लावूनही हायपरफोकल अंतर साडेपाच मीटरच्या पुढे जाते आणि स्पष्टता पावणेतीन मीटरच्या अलीकडे येत नाही. फोकल लेंग्थचा वर्ग या हिशेबात येत असल्याने तफावत एवढी मोठी पडते. ३५ मिमीने जवळचे आणि दूरचे दोन्ही हवे असेल, तर ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या फोकसची दोन-तीन चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करावी लागतात. वाऱ्यावर डुलणाऱ्या गवतात ही युक्ती फसते.

ओली_पायवाट

कासचा विषय निघाला आहे, म्हणून लिहिते. सातारा परिसरात माझे नेहमी जाणे असते. तेथे वाइड लेन्सचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण फुलांच्या सुरक्षिततेचे. ज्या लेन्सला हातभर अंतरावरची वस्तू लागते, ती छायाचित्रकाराला फुलांत ओढते. पश्चिम घाटातील स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि कास त्यांतलेच एक आहे. तेथील कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो. एका गुडघ्याखाली किती रोपे जातात, हे उठून मागे पाहिल्यावर कळते. आखलेल्या पायवाटेवरून जे मिळेल तेवढ्यावर समाधान मानावे.

दुसरे कारण चित्राचे आहे. तेरड्याचा गुलाबी गालिचा डोळ्याला दाट दिसतो, कारण आपण तो तिरक्या नजरेने, दूरवर पाहत असतो. वाइड लेन्स पायाजवळच्या फुलांकडे जवळपास वरून पाहते, त्यामुळे दोन रोपांमधली माती आणि विरळपणा उघडा पडतो. पायवाटेच्या कडेला बसून, कॅमेरा फुलांच्या उंचीच्या किंचित वर ठेवून ३५ ते ५५ मिमीने समोर पाहिले की पुढच्या फुलांमागे मागची फुले येतात, मधल्या फटी झाकल्या जातात आणि गालिचा दाट होतो. ठोसेघरच्या धबधब्यालाही हीच लेन्स लावावी. प्रेक्षक सज्जा धबधब्याच्या समोर, दरीच्या अलीकडे आहे. वाइड लावली तर धबधब्यापेक्षा झाडीच जास्त येईल.

धुकेरी

फुलांच्या सुरक्षिततेबद्दल दुमत असण्याचे कारणच नाही. पण तेरडा, सोनकी आणि कवला कासच्या बाहेरही ठिकठिकाणी फुलतात. मोकळ्या कातळावर बसायला जागा असेल, तेथे वाइड वापरता येते.

इंद्रधनुष्याचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. पावसाळ्यात संध्याकाळी ते हमखास भेटते आणि तेथे स्टँडर्ड लेन्स पुरी पडत नाही.

अंशकोन

धुकेरी, हे अगदी खरे, आणि हाही हिशेब करता येतो. इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंश असते. सूर्य क्षितिजावर असताना अर्धवर्तुळ पूर्ण दिसते आणि त्याचा पसारा ८४ अंश होतो. क्रॉप सेन्सरवर १८ मिमीचा आडवा दृश्यकोन ६६ अंशांच्या आसपास असतो, म्हणून अशा पूर्ण कमानीची दोन्ही टोके किट लेन्सच्या एका आडव्या चौकटीत मावत नाहीत. साधारण १३ मिमी किंवा त्याहून कमी फोकल लेंग्थ लागते. फुल फ्रेमवर २० मिमी.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे कोकणकड्यावरून कधीतरी दिसणारे इंद्रवज्र. सूर्य पाठीशी आणि ढग पुढ्यात, दरीत असले, तर आपल्या सावलीभोवती रंगीत कडी दिसते. ती पूर्ण वर्तुळाकार असल्याने अनेक जण घाईघाईने वाइड लावतात. प्रत्यक्षात या कड्यांची त्रिज्या काही अंशांचीच असते. ३५ मिमीचा ३७ अंशांचा दृश्यकोन त्यांना भरपूर होतो, आणि १० मिमीवर ती दरीच्या मध्यभागी हरवून जातात.

करवंद

मग ३५ मिमीने चार-पाच चित्रे काढून ती जोडली, तर वाइड घेण्याची गरजच काय?

कातळमाथा

दूरच्या रांगांसाठी तो मार्ग उत्तम आहे आणि मी तो सर्रास वापरतो. ३५ मिमी उभी धरली, तर क्रॉप सेन्सरवर आडवा कोन २५ अंशांचा मिळतो. शेजारच्या चित्रांत तीस टक्के भाग सामाईक ठेवला, तर १० मिमीएवढी रुंदी सहा चित्रांत भरते आणि तपशील कितीतरी अधिक मिळतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हे तिन्ही हाताने पक्के करून ठेवावे, नाहीतर आकाशात सांधे दिसतात. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर तो काढून ठेवावा. सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश तो सर्वाधिक गडद करतो, त्यामुळे रुंद चित्रात मध्येच निळा पट्टा उमटतो. ही खोड वाइड लेन्सवरही तितकीच जाणवते.

जवळ काही असेल, तर मात्र जोडकाम बिघडते. कॅमेरा फिरवताना जवळचा धोंडा मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकतो. तो सरकू नये म्हणून लेन्सच्या ठरावीक बिंदूभोवतीच फिरवणारी खास पट्टी लागते. पावसाळ्यात ढगसुद्धा सहा चित्रे होईपर्यंत थांबत नाहीत.

ओली_पायवाट

सोनकीताई, येथे सर्व जण लेन्सची तुलना करत आहेत. मी खरेदीपुरते बोलते. स्टँडर्ड दृश्यकोन तुमच्याजवळ आधीपासूनच आहे. किट लेन्स ३५ मिमीवर आणली की तोच कोन मिळतो. प्राइमची किंमत मुख्यतः एफ/१.८ च्या मोठ्या छिद्रासाठी मोजावी लागते. निसर्गदृश्ये आपण एफ/८ च्या आसपास काढतो आणि तेथे चांगल्या स्थितीतील किट लेन्स प्राइमच्या बरीच जवळ जाते. म्हणजे स्टँडर्ड कोन तुम्हाला जास्त उपयोगी पडणार, हे कातळमाथा यांचे म्हणणे मान्य करूनही पैसे मात्र वाइडवर खर्च करणे सयुक्तिक ठरते, कारण १८ मिमीच्या खालचे काहीही तुमच्याकडे नाही.

त्याआधी एक करून पाहा. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ०.५ गुणकाचा कॅमेरा असतो आणि त्याचा कोन १० मिमीच्या जवळपास जातो. पुढच्या भटकंतीत तो वापरा आणि त्याच जागेवरून किट लेन्सची रिंग ३५ वर चिकटपट्टीने बांधून तेही चित्र घ्या. घरी आल्यावर फोनच्या चित्रांत पुढचा भाग रिकामा दिसला, तर १०-२० ची इतक्यात घाई करू नका.

कातळमाथा

हा युक्तिवाद मला मान्य आहे, फक्त प्राइमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. तिचे वजन नगण्य असते आणि झूम नसल्यामुळे पाय हलवावे लागतात. राजगडाच्या चढाईत या दोन्हींची किंमत कळते.

सोनकी

ओली_पायवाट यांची चिकटपट्टीची युक्ती येत्या रविवारीच करून पाहते. एक शेवटचे विचारते. भर पावसात दोहोंपैकी कोणती लेन्स सांभाळायला सोपी?

धुकेरी

वाइडच्या बाजूने एवढे बोलूनही सांगावे लागेल की पावसात स्टँडर्ड लेन्स सोपी. वाइडचा हूड (लेन्सच्या पुढची आडोशाची कड) नाइलाजाने उथळ असतो. तो खोल केला तर चौकटीच्या कोपऱ्यात दिसेल. त्यामुळे वाऱ्यासोबत आलेला पाऊस थेट काचेवर बसतो. त्यातच जवळपासचे सगळे स्पष्ट दाखवणाऱ्या या लेन्समध्ये काचेवरचा थेंबही ठसठशीत डाग होऊन उमटतो आणि छिद्र जितके लहान करावे, तितका तो अधिक रेखीव होतो. ३५ मिमीवर तोच थेंब बहुधा पुसट ढगाळ ठिपका होऊन विरतो. काही अतिवाइड लेन्सची पुढची काच फुगीर असते आणि त्यांवर साधा फिल्टर बसत नाही. अशी लेन्स पावसासाठी घेऊ नका. १०-२० मिमीच्या बऱ्याच लेन्सना फिल्टरची आटी असते, ती आहे ना हे दुकानातच तपासा. माचीवर छत्री टिकत नाही. वाऱ्याकडे पाठ करून चौकट ठरवावी, तोवर लेन्सवर कापड धरावे आणि चित्र घेण्यापुरतेच ते काढावे. कोरडी कापडे दोन-तीन, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवावीत, कारण पहिले कापड ओले झाल्यावर ते पाणी पुसण्याऐवजी पसरवते. गाडीतल्या गारव्यातून उतरल्यावर कॅमेऱ्याची पिशवी लगेच उघडू नये. काचेवर बाष्प धरले, तर ते पुसूनही पुन्हा पुन्हा येत राहते आणि पहाटेची पहिली पंधरा-वीस मिनिटे त्यातच जातात.